झील कोण धरणार

मिरजेच्या दवाखान्यात अण्णांचा घसा काढला आणि तेव्हापासून त्यांच्या चहाला फुंकर आई घालायला लागली. गळ्याला भोक पाडून माणूस तिथून श्वास घ्यायला लागला की त्याला तोंडानं फुंकर मारता येत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून आष्ट्याला घरी आल्यावर अण्णांनी पहिल्याच सकाळी बशी तोंडाजवळ नेली, ओठांचा चंबू केला, आणि गळ्यावर बांधलेलं मऊ फडकं तेवढं हललं. बशीतला चहा होता तसाच वाफाळत राहिला. त्यांनी आईकडं बघितलं. आईनं बशी ओढून घेतली, फुंकर घातली आणि परत दिली. पुढं रोज तसंच चाललं आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

अण्णा दिवसा गवंडी आणि जयंतीच्या दिवसांत शाहीर. आमच्या भागात त्यांच्या जलशाला बैलगाड्या भरभरून माणसं यायची, असं आई सांगायची. मी स्वतः पाहिलंय ते एवढंच, की अण्णा खालच्या आळीत बोलायला लागले तर वरच्या आळीतली बाई दारात येऊन उभी राहायची. अशा माणसाच्या घरात आता पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आणि गळ्याच्या भोकातून येणारी बारीक शीळ, एवढंच उरलं होतं. चटणी कांडायला आई शेजारणीकडं जायची, कारण मिरचीचा नाकात जाणारा खाट उठला की अण्णांना त्या भोकातूनच ठसका लागायचा आणि तो तासन् तास थांबायचा नाही. आमचं जेवण आंबील, मऊ भात आणि फिकं वरण यावर आलं. तिखटाशिवाय घास न उतरणारी आम्ही माणसं, पण कुणी तक्रार केली नाही. आई मात्र शेजारणीच्या उखळापाशी बसून भाकरीबरोबर दोन लाल मिरच्या खाऊन यायची, आणि तिचे डोळे लाल का, हे आम्ही विचारायचो नाही.

जलशाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शाहीर एकटा गात नसतो. त्याच्या मागं साथीदार उभे असतात. शाहिरानं कडव्याचा शेवट केला की ती ओळ ते उचलतात, वर नेतात, आणि तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो. ह्या उचलण्याला झील म्हणतात. अण्णांचे मुख्य झीलकरी सत्तारचाचा. गाद्या भरणं हा त्यांचा पिढीजात धंदा, त्यामुळं दाढीत कापसाचा पुंजका कायम अडकलेला. अण्णांचा घसा गेल्यावरही ते रोज सकाळी यायचे, उंबऱ्यावर बसायचे आणि दोघांच्या वाटणीचं एकटेच बोलायचे.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते. दुपारनंतर विश्रामबागेतल्या एका इंटरनेट कॅफेत बसायची नोकरी मिळाली होती. मालकाला सगळे बंडूदादा म्हणायचे. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेली खुराडी, प्रत्येकात एक मशीन, आणि फोनची लाइन जोडताना निघणारी ती किंकाळी. पुढं एकदा अण्णा तिथं आले तेव्हा ती ऐकून त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, ‘हिचा बी घसा बसलाय.’ ह्याच कॅफेत मला तो कवितांचा गट सापडला. जगभर पांगलेली मराठी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी कविता लिहून एकमेकांना पाठवायची. दर महिन्याला स्पर्धा व्हायची. कविता नाव न घालता यायच्या, आणि रीत अशी होती की गटातल्या प्रत्येकानं बाकीच्यांच्या कवितांवर आपलं मत लिहायचं. मतं सहीनिशी, कविता बिननावाच्या. निकाल कॅनडातल्या वसुधाताई लावायच्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, स्वभावानं गोड आणि शिस्तीला कडक.

मी त्या कविता छापून घरी न्यायची आणि आंबील पिताना अण्णांना वाचून दाखवायची. सुरुवातीला केवळ त्यांचा वेळ जावा म्हणून. पण अण्णा पाटी पुढं ओढून मत द्यायला लागले. चांदण्यावरच्या एका लांबलचक कवितेवर त्यांनी लिहिलं, ‘चंद्र लय वेळा आलाय. एकदाच आला असता तर दिसला असता.’ एका भारदस्त कवितेवर लिहिलं, ‘गिलावा झ्याक. आत भिंत न्हाई.’ अमेरिकेतल्या एका मुलानं गावच्या विहिरीवर लिहिलं होतं, त्यावर तर अण्णा कविता सोडून त्या पोराशीच बोलले, ‘आटली आसंल आता. पर येऊन बघून जा.’ आमच्या घरात कविता म्हणजे कुणीतरी दारात येऊन काहीतरी सांगितल्यासारखं होतं, आणि दारात आलेल्याला उत्तर देणं भाग होतं. मी ही मतं जशीच्या तशी टाइप करायची. थोड्याच दिवसांत गटात ‘आष्ट्याचे अण्णा काय म्हणतात’ अशी वाट बघायला लागली माणसं. मी घरी येऊन ते सांगितलं की अण्णा खाली बघून पाटी पुसत बसायचे, पण कान लाल व्हायचे त्यांचे.

त्यांनी मला एकच ताकीद दिली होती. घशाचं कुणाला सांगायचं नाही. ‘कीव येऊन वा वा केली तर ती माजी न्हवं,’ असं लिहून त्यांनी ते माझ्या डोळ्यांपुढं धरलं होतं. मी शब्द दिला.

मग एके दिवशी अण्णांनी स्वतःची कविता दिली. घसा गेल्यावर त्यांनी रचलेलं ते पहिलंच. पाटी भरली, पुसली, परत भरली, असं करत मला उतरवून घ्यायला लावलं.

पाया खणला उन्हात आम्ही, जोतं चढलं घामावर,
दार लागलं दुसऱ्याचं अन् आम्ही उभं सडकेवर,
वीट ज्यानं रचली त्याचं घर कुठं हाय, सांगा.

आणि प्रत्येक कडव्यामागं झील: ‘घर कुठं हाय, सांगा रं, घर कुठं हाय, सांगा.’ सत्तारचाचांनी ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

“शाहीर, आरं म्हणणार कोण हे आता?”

अण्णांनी लिहिलं, ‘ती लोकं. मी नुसतं लिवतो. मागनं कुणी धरतंय का बघू.’

“आन् न्हाई धरलं तर?”

अण्णांनी पाटी पुसली. मग लिहिलं, ‘तर समजायचं, घशाबरोबर सगळंच काढलं मिरजेत.’

मी ती कविता स्पर्धेला पाठवली, आणि त्या दिवसापासून कॅफेत गेल्या गेल्या आधी निकाल लागला का ते बघायची. हरणं-जिंकणं हा प्रश्न नव्हता. माझ्या बापाला आपण अजून शाहीर आहोत की नाही, हे त्या इंग्रजी अक्षरांतून कळायचं होतं.

कविता पहिली आली. वसुधाताईंनी भरभरून लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: प्रत्येक कडव्यानंतर तेच ते परत येत असल्यानं संपादनात ती ओळ वगळली आहे, त्यामुळं कविता अधिक बांधीव झाली. मी निकाल वाचून दाखवला तेव्हा आईनं शेजारी जाऊन गूळ वाटला. सत्तारचाचांनी अण्णांना उभ्या उभ्या मिठी मारली. ती वगळलेल्या ओळीची गोष्ट मी सगळ्यात शेवटी सांगितली. अण्णांनी छापलेला कागद मागून घेतला. अक्षरं इंग्रजी, त्यांना वाचता येण्यासारखी नव्हती, पण कडव्यांमधल्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं तसं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं चिडतील. त्यांनी लिहिलं, ‘चुकलं न्हाई बाईचं. कागदावर झील म्हंजे तीच वळ परत. ती म्हणाय लागती.’

म्हणायची संधी होती. गटाचा रिवाज असा की निकालानंतरच्या रविवारी सगळ्यांनी एका वेळेला गप्पांच्या पानावर जमायचं, विजेत्यानं आपली कविता एकेक ओळ टाइप करून सादर करायची, आणि बाकीच्यांनी मध्येमध्ये दाद द्यायची. आपल्याकडं सकाळ, अमेरिकेत आदली संध्याकाळ. अण्णा म्हणाले, म्हणजे लिहिलं, की मी येणार. त्यांनी जलशाचा पांढरा सदरा काढला. आईनं गळ्याला नवं फडकं बांधलं, आणि सत्तारचाचा डोक्याला तेल लावून हजर. अण्णा, चाचा आणि मी, आम्ही तिघं एसटीनं सांगलीला गेलो. गाडीत ओळखीचा एक जण भेटला, त्यानं विचारलं, “शाहीर, कुठं कार्यक्रम?” सत्तारचाचांनी छाती काढून सांगितलं, “जगात!”

बंडूदादांनी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. एका खुराड्यात आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर नावं उमटायला लागली, एकामागून एक नमस्कार. मी वाचून दाखवत होते. ‘या अण्णा, आजचा दिवस तुमचा,’ असं वसुधाताईंनी लिहिलं. अण्णांनी पडद्याला हात जोडले.

मी पहिलं कडवं टाकलं. ‘वीट ज्यानं रचली त्याचं घर कुठं हाय, सांगा.’ आणि अण्णांनी माझं मनगट धरलं. थांब. ते पडद्याकडं बघत होते, जलशात मागं न बघता साथीदारांची वाट बघावी तसे. पडद्यावर एक ‘वाह’ आलं. मग ‘क्या बात है’. मग बराच वेळ काहीच नाही. अण्णांची पकड घट्ट होत गेली. मग कुणीतरी लिहिलं, ‘पुढे?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘अण्णांची लाइन गेली वाटतं.’ तिसऱ्यानं भारतातल्या फोनवर एक विनोद केला आणि सगळे हसले.

अण्णांनी हात सोडला. दुसऱ्या कडव्याला त्यांनी खूण केली की झीलसुद्धा तूच टाक. मी टाकली. लगेच वसुधाताईंचा निरोप आला: ‘अण्णा, शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येते आहे, लाइनमध्ये काहीतरी दोष आहे, काळजी करू नका, पुढचं कडवं पाठवा.’ मी ते मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं असं आज वाटत नाही, त्यांच्यापासून लपवण्यासारखं त्या खुराड्यात काही नव्हतंच. अण्णा टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते, तो तसाच चालू राहिला. आणि माझ्या खांद्यामागून सत्तारचाचांनी झील उचलली. घर कुठं हाय, सांगा रं. प्लायवूडच्या फळ्या थरथरल्या. अण्णांचं तोंड उघडलं, गळ्यावरचं फडकं फडफडलं, आणि नुसती शीळ बाहेर आली.

पलीकडच्या खुराड्यातून कुणीतरी फळीवर ठोकलं. बंडूदादा आले. भला माणूस, त्याला अवघड झालं होतं. “चाचा, जरा हळू. बाकीची गिऱ्हाईकं हायत.”

“व्हय, व्हय. चुकलं,” असं म्हणून सत्तारचाचा गप्प झाले. उरलेली कडवी मी झील न टाकता पाठवली. दाद छान आली. मग वसुधाताईंनी लिहिलं, की कवींनी आता दोन शब्द बोलावेत.

अण्णांनी पाटीवर लिहिलं आणि मी टाइप केलं: ‘माजं अर्धं म्हणून झालं. ऱ्हायलेलं अर्धं तुमचं हुतं.’

पडदा भरून गेला. किती विनम्र, किती मोठं मन, खरा कलावंत असाच असतो. ते येत राहिले आणि मी वाचत राहिले. अण्णा सगळ्यांना हात जोडत होते.

परतीच्या एसटीत सत्तारचाचा सारखे सांगत होते, “त्यांचा काय दोष रं? त्यांनी कवा जलसा बघितला न्हाई. फुडच्या टायमाला सांगू आधी.” अण्णांनी मान हलवली. त्यांनी पाटी काही पिशवीतून बाहेर काढली नाही. मला त्या सगळ्या माणसांचा राग आला होता, आणि राग धरावा असं त्यांनी काही केलंही नव्हतं. त्यांनी माझ्या बापाचा सत्कारच केला होता. असा राग फार वाईट असतो, तो कुठंच ठेवता येत नाही.

पुढच्या वेळेला आधी सांगायची पाळी आली नाही. रोग फुप्फुसात उतरला होता. ऊस तोडायच्या दिवसांत अण्णा गेले. बुद्धवंदना झाली, सगळा विधी झाला. अवतीभवतीच्या गावांतून जुने साथीदार आले होते, डफ घेऊन आले होते. सगळे ओळीनं उभे राहिले आणि कुणीच काही म्हणेना. झीलकऱ्याला सुरुवात करायची सवय नसते. तो मागून उचलतो. ते सगळे जण पुढच्या मोकळ्या जागेकडं बघत उभे होते, आणि शेवटी डफ तसेच खांद्याला लावून परत गेले. इतक्या वर्षांत मी पुष्कळ मयती बघितल्या, पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही.

मी गटाला दोन ओळींत कळवलं, अण्णा गेले म्हणून. कशानं ते लिहिलं नाही, शब्द दिला होता. खूप पत्रं आली. मग वसुधाताईंनी कळवलं की पुढच्या महिन्याची स्पर्धा अण्णांच्या स्मृतीसाठी ठेवली आहे, विषय अण्णाच, आणि परीक्षक म्हणून मी बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझ्या बापाच्या मरणावरच्या कवितांना मी पहिला, दुसरा, तिसरा नंबर द्यायचा. मी नाही म्हणून लिहायलाच बसले होते. पण घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “लोकं दारात आल्यात. परत कशी लावायची?”

म्हणून मी तो गठ्ठा घरी आणला. दुपार होती. सत्तारचाचा उंबऱ्यावर, आई चुलीपाशी. आईनं त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी घरात चटणी भाजायला घेतली होती आणि ठसका लागणारं आता कुणी नव्हतं. मी एकेक कविता वाचायला लागले. त्यांचा पहाडी आवाज. डोंगरात घुमणारा सूर. कृष्णाकाठी अजून ऐकू येते त्यांची ललकारी. सगळ्यांनी, एकूण एक सगळ्यांनी, आवाजावर लिहिलं होतं. शाहीर म्हटल्यावर दुसरं काय लिहिणार? कुणी तो आवाज ऐकला नव्हता आणि तो नाही हे कुणाला माहीत नव्हतं. सत्तारचाचा दाढीतला कापूस काढत बसले होते, त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

तळाशी एक लहान कविता होती. नाव नव्हतं, पण खाली लिहिलं होतं की मी मस्कतला नर्स आहे, पहिल्यांदाच लिहिते आहे, चूकभूल माफ. कविता साधीच, थोडी अडखळणारी. सुट्टी काढून ती बाई मनानं आष्ट्याला येते, घर विचारत विचारत अण्णांच्या दारापर्यंत पोचते. शेवटची ओळ होती, ‘इतक्या लांबून आले मी, तुम्ही हाक दिली नाही.’

मी थांबले. आणि सत्तारचाचांनी, खाली मान घालूनच, ती ओळ उचलली. मोठ्यानं नाही. तुम्ही हाक दिली न्हाई रं, हाक दिली न्हाई. दोनदा म्हणाले आणि बाहेर उन्हाकडं तोंड करून बसले.

आईनं तवा खाली उतरवला. “ही कोण बाई म्हणायची?”

“मस्कतची हाय गं. लांबची.”

“तिला लिव,” आई म्हणाली. “लिव, की त्यांचा घसा काढला हुता, म्हणून हाक दिली न्हाई. मनाला लावून घिऊ नको म्हणावं.”

निकालाच्या जागी दुसऱ्या दिवशी मी तेवढंच टाइप केलं.